ढगालाही लागते जमीन, वीज आणि पाणी



लागण नोंदीच्या बैठकीत आम्ही गट ऑफिसवर सांगितले की, यापुढे ऊस नोंदी कारखान्याच्या संगणकाबरोबरच 'क्लाऊड'वरही ठेवण्याचा शेतकी खात्याचा विचार आहे. क्लाऊड म्हणजे ढग, असे कोणीतरी शेजाऱ्याला समजावून सांगितले. त्याबरोबर मागच्या ओळीतून एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "साहेब, आमच्याकडं ढग येतो आन् न बरसताच पुढच्या तालुक्यात जातो. नोंदीचं बी तसंच झालं म्हंजे?"

बैठकीत हशा पिकला, आम्हीही हसलो. पण आबांचा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करताना ती कोठे ठेवणार, तेथे राखण कोण करणार आणि मागितल्यावर परत मिळणार काय, एवढे विचारण्याचा सभासदाला हक्क आहे. म्हणून आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा केली. तीच या अंकात आपणापुढे ठेवीत आहोत. माहिती पुष्कळशी स्वीडन या दूरच्या देशातली आहे. पण वाचता वाचता तीत आपल्या ओळखीच्या बऱ्याच गोष्टी सापडतील.

आधी आमची चूक

दुसऱ्याच्या कोठाराची तपासणी करण्याआधी स्वतःच्या कोठाराबद्दल बोलले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एका गट ऑफिसजवळ वीज पडली आणि तेथला संगणक जळाला. नोंदींची दुसरी प्रत आम्ही ठेवली होती, नाही असे नाही. पण ती ज्या डबीत होती ती डबी त्या वेळी त्याच संगणकाला जोडलेली होती. दोन्ही प्रती एका क्षणात गेल्या. अकरा दिवसांच्या आडसाली लागणीच्या नोंदी कर्मचाऱ्यांच्या वह्यांवरून आणि आठवणीवरून पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. त्यात एका भगिनीच्या लागणीची तारीख जुलैऐवजी ऑगस्टअखेरची पडली. त्यांचे यजमान आदल्याच वर्षी वारले होते. शेत त्या एकट्याच पाहात होत्या.

पुढच्या वर्षी तोडणीचा क्रम तारखेप्रमाणे लागला आणि त्यांची पाळी मागे गेली. टोळी पोहोचेपर्यंत उसाला तुरा येऊन पांगशा फुटल्या होत्या, ऊस पोकळ पडू लागला होता. काट्यावर वजन कमी भरले. वजनावर पैसे, तेव्हा नुकसान त्यांचेच झाले. त्या ऑफिसात आल्या, आवाज चढवला नाही. पदरातून लागण नोंदीची पावती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्याकडं पावती होती. तुमच्याकडं काय होतं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पावत्या सभासदांकडे असतात, त्या मागवून पडताळून पाहाव्यात, हेही त्या वेळी आमच्या खात्याला सुचले नाही. ही चूक शेतकी खात्याची होती. ती येथे छापून कबूल करीत आहोत, कारण नोंद दुसऱ्या जागी, दूर ठेवण्याचा सगळा विचार तेथून सुरू झाला.

ढग म्हणजे कारखानाच

क्लाऊड हे नुसते नाव आहे. आकाशात काही नसते. आपण मोबाईलवर फोटो पाहतो, बँकेतून उसाचे बिल काढतो, हवामानाचा अंदाज वाचतो, तेव्हा ते काम कोठेतरी जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या शेडमधील हजारो संगणक करीत असतात. या शेडला डेटा सेंटर म्हणतात. संगणक भाड्याने वापरायला देणे हा त्या कंपन्यांचा धंदा. एकाच मुलखातील अशा काही डेटा सेंटरांचा मिळून एक 'रीजन', म्हणजे विभाग होतो. नवा विभाग सुरू झाला म्हणजे तेथल्या लोकांना आपली माहिती परदेशी न पाठवता आपल्याच देशात ठेवता येते.

आपण ज्यांना कारखाना नीट कळतो अशांनी डेटा सेंटर असे समजावे. उसाच्या जागी वीज येते. बॉयलर नाही, पण उष्णता भरपूर. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती सतत काढून टाकावी लागते. आपल्या स्प्रे पाँडवर गरम पाणी उडवून गार करतात, त्यात काही पाणी वाफ होऊन उडून जाते. पुष्कळ डेटा सेंटरांत थंड करण्याची रीत अशीच असते. फरक एवढाच की आपला गाळप हंगाम चार-सहा महिन्यांचा, त्यांचा बारमाही. रात्री नाही, सण नाही, दुरुस्तीला बंद नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या ही सुमारे दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा सुमारे ९४५ अब्ज युनिटांवर जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा या धंद्याची भूक लहान नाही, हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

स्वीडनमधील तीन गावे

मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की, स्वीडनमध्ये येव्ले आणि सान्दवीकेन या दोन गावी आपण नवी डेटा सेंटरे बांधणार, आणि ती पर्यावरणाच्या दृष्टीने आपल्या सर्वांत पुढारलेल्या सेंटरांपैकी असतील. पुढे स्टाफान्सटॉर्प हे तिसरे गाव त्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा विभाग सुरू झाला. त्याआधी कंपनीच्या स्वीडिश गिऱ्हाइकांची माहिती बहुतेक आयर्लंड किंवा नेदरलँड्समध्ये ठेवली जाई.

ही गावे काही अपरिचित वाटायला नकोत. येव्लेचा उच्चार ऐकला तर आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याची आठवण होते. बाल्टिक समुद्राच्या काठचे हे जुने बंदर. सान्दवीकेन त्याच्याच शेजारचे पोलादाचे गाव. १८५८ साली यॉरान्सन नावाच्या व्यापाऱ्याने बेसेमर पद्धतीने पोलाद काढणे कारखानदारीच्या पातळीवर प्रथम जमवून दाखवले आणि १८६२ साली येथे कारखाना घातला. कारखान्याभोवती गाव वाढले. साखर कारखान्याभोवती वाढलेली गावे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना याहून जास्त सांगायला नको.

तिसरे गाव स्टाफान्सटॉर्प मात्र तेथून सुमारे ६०० किलोमीटर दक्षिणेला, स्कोने प्रांतात आहे. हा स्वीडनचा साखरेचा मुलूख होय. ऊस तेथे येत नाही, बीट येते. शरद ऋतूत बीट काढतात आणि थंडीत गाळप संपते. एके काळी त्या देशात पुष्कळ साखर कारखाने होते. आज एकच उरला आहे, एर्टोफ्ता येथे, तोही याच प्रांतात. म्हणजे बीटवाल्या शेतकऱ्यांच्या शिवाराजवळच हे माहितीचे कोठार उभे आहे.

जागा वेगवेगळ्या का? कारण आमच्या गट ऑफिसात जे घडले ते मोठ्या कोठारातही घडते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरात एक पाच मजली डेटा सेंटर आगीत जळून गेले. ज्या गिऱ्हाइकांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी नव्हती त्यातील कित्येकांची माहिती कायमची गेली. म्हणून नव्या विभागात वेगवेगळ्या इमारती, त्यांना वेगळी वीज, वेगळे थंड करण्याचे यंत्र आणि वेगळ्या तारा अशी व्यवस्था करतात. एक बंद पडली तरी दुसरी चालते. पण येथे एक खूणगाठ बांधावी. माहिती क्लाऊडवर ठेवली म्हणजे तिची प्रत आपोआप दूरच्या जागी जातेच असे नाही. ती सोय मागून घ्यावी लागते, तिचे पैसे पडतात आणि करारात ती लिहून घ्यावी लागते.

विजेचा हिशेब तासागणिक

आता मुख्य मुद्दा. 'आम्ही सगळी वीज स्वच्छ वापरतो' असे आज पुष्कळ कंपन्या सांगतात. हा हिशेब बहुधा वर्षाचा असतो. वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढ्या युनिटांची पवन वा सौर विजेची प्रमाणपत्रे विकत घेतली की कागद जुळला. पण वारा पडलेल्या हिवाळी रात्री प्रत्यक्षात कोळशाची वीज जळत असेल, तर तो हिशेब कागदावरच खरा.

ही गोष्ट सभासदांना आम्ही काय समजावून सांगणार! वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला असे रेडिओ सांगतो, पण सप्टेंबरात ऊस होरपळत असताना थेंब पडलेला नसतो. सरासरीने विहीर भरत नाही. रात्रपाळीच्या विजेवर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला वीज 'किती' यापेक्षा 'केव्हा' याची किंमत जास्त ठाऊक असते.

स्वीडनमध्ये वाटेनफाल ही सरकारी मालकीची वीज कंपनी आहे. नावाचा अर्थच धबधबा. तिने आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या अखेरीस एक नवी रीत जाहीर केली. मीटरवर दर तासाला वापर मोजायचा आणि त्याच तासात पाण्यावर वा वाऱ्यावर किती वीज तयार झाली तिच्याशी तो जुळवायचा. आधी हा प्रयोग ऑफिसांसाठी झाला आणि मग डेटा सेंटरच्या विजेचा हिशेबही या मार्गाने ठेवण्याचे ठरले. जुळले नाही तर तास दिसतो, लपत नाही. आपल्याकडे काट्यावर गाडीगणिक पावती फाडतात, हंगामअखेर सगळ्या गावाचे मिळून अंदाजाने वजन लावीत नाहीत. तसाच हा प्रकार. आमच्या मते स्वीडनच्या या प्रयोगात शिकण्यासारखे सर्वांत मोठे काही असेल तर हेच.

अर्थात तेथे ही रीत जमण्याला निसर्गाची साथ आहे. स्वीडनच्या विजेपैकी सुमारे ४० टक्के उत्तरेकडील नद्यांवरच्या धरणांतून येते, सुमारे ३० टक्के अणुशक्तीतून, आणि पवन विजेचा वाटा वाढतो आहे. कोळशाची वीज जवळजवळ नाहीच. धरणातील पाणी म्हणजे साठवलेली वीज. वारा पडला की दार उघडायचे. आपल्याकडे कोयनेची वीज मागणी वाढते त्या वेळी जशी उपयोगी पडते तसेच.

वीज गेलीच तर जनरेटर लागतात. स्वीडनमध्ये त्यासाठी प्रीम या तेल कंपनीचे असे डिझेल घेतले आहे, ज्यात निम्मा तरी भाग नूतनीकरणक्षम कच्च्या मालाचा असतो. ही कंपनी कागदगिरण्यांतून निघणाऱ्या टॉल ऑईल या जोडपदार्थापासून डिझेल बनवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या आपल्यासारख्यांना जोडपदार्थाचे मोल वेगळे सांगायला नको.

पाणी आणि ऊब

थंडीचा देश असल्याने तेथे बहुतेक वर्ष बाहेरची गार हवाच आत घेऊन संगणक थंड ठेवतात. जे थोडे पाणी लागते त्यासाठी छपरावरच्या पावसाचे पाणी साठवतात. आपल्या कारखान्यात उसातले पाणीच आपण वापरात घेतो. एक टन उसात सुमारे ७०० किलो पाणी असते, रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती पुन्हा पाणी होऊन कामाला येते. घरचे पाणी आधी, नदीचे नंतर. तत्त्व तेच.

बाहेर पडणाऱ्या उष्णतेचेही असेच. शेजारच्या डेन्मार्क देशात ओडेन्स शहरात फेसबुकच्या डेटा सेंटरची उष्णता गावच्या गरम पाण्याच्या नळांना दिली जाते. तेथे घरे ऊबदार ठेवण्यासाठी गावभर असे नळ असतात. फिनलंडमध्ये हामिना येथे एक बंद पडलेली कागदगिरणी २००९ साली गुगलने घेतली आणि २०११ पासून तेथे समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे डेटा सेंटर चालू केले. गिरणीसाठी खोदलेला जुना बोगदाच पाणी आणायला उपयोगी पडला. टर्बाईनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर आपण रस उकळतो, वाफ फुकट घालवत नाही. जगात शहाणा कारखानदार सगळीकडे सारखाच विचार करतो.

पण नक्कल डोळे झाकून करू नये. आपल्याकडे घर तापवायला ऊब कोणाला हवी आहे? आणि आपल्या मे महिन्यात बाहेरची हवा आत घेऊन काय गार होणार? बियाणे चांगले असले तरी जमीन पाहून लावावे लागते.

ताळेबंदाची दुसरी बाजू

आम्ही येथे कोणत्याही कंपनीची जाहिरात करीत नाही. वार्षिक सभेत सभासद नफ्याचे पान वाचून थांबत नाहीत, मागची पानेही उलटतात. तशी आपणही उलटू.

पहिली गोष्ट, मायक्रोसॉफ्टने २०२० साली जाहीर केले होते की २०३० पर्यंत आपण जेवढा कार्बन हवेत सोडू त्यापेक्षा जास्त काढून घेऊ. पण कंपनीच्याच २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२० पासून तिचे एकूण उत्सर्जन सुमारे २९ टक्क्यांनी वाढले. कारण मुख्यतः नव्या डेटा सेंटरांच्या बांधकामाचे पोलाद, सिमेंट आणि संगणकांचे सुटे भाग. म्हणजे चालवायची वीज स्वच्छ केली तरी शेड उभारण्याचा धूर राहतोच. ही बाब कंपनीने स्वतःच छापली, हे मात्र नमूद केले पाहिजे. चूक छापणारा हिशेब हा न छापणाऱ्यापेक्षा बरा.

दुसरी गोष्ट, वीज देशात पुरेशी असली तरी ती हव्या त्या गावात पोहोचते असे नाही. स्वीडनमध्ये वीज उत्तरेत आणि वस्ती दक्षिणेत. म्हणून २०११ पासून देशाचे विजेच्या दराचे चार भाग केले आहेत आणि दक्षिणेत दर बहुधा चढा असतो. स्टाफान्सटॉर्पच्या जवळच माल्मो शहर आहे. तेथील एका पावाच्या बेकरीला विस्तारासाठी लागणारी वीज जाळ्यातून मिळेल अशी हमी मिळेना, ही गोष्ट २०१९ च्या सुमारास तेथे फार गाजली. मोठ्या गिऱ्हाइकाने जाळे व्यापले की लहान गिऱ्हाईक मागे पडते, ही भीती तेथल्या लोकांनाही आहे. आपल्या भाषेत, चारीच्या तोंडाला मोठे दार बसले की शेपटाकडच्या शेताला पाणी मिळत नाही.

तिसरी गोष्ट, सवलत. डेटा सेंटरे यावीत म्हणून स्वीडनने २०१७ पासून त्यांना विजेच्या करात मोठी सूट दिली होती. जुलै २०२३ पासून ती काढून घेतली. बांधकामाच्या वेळी हाताला काम भरपूर मिळते, पण पुढे एवढ्या मोठ्या शेडला कायमची माणसे थोडीच लागतात. साखर कारखान्याशी तुलना करताना ही बाब विसरू नये. कारखाना तोडणीवाल्यापासून केमिस्टपर्यंत हजारोंना काम देतो.

आयर्लंडचे उदाहरण तर सावध करणारे आहे. तेथे २०२३ साली मीटरवर मोजलेल्या सगळ्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटरांनी घेतली. देश लहान, पाहुणे मोठे.

हे आपल्या दारातही आहे

कोणी म्हणेल, स्वीडनचे आपल्याला काय? तर मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये भारतात जे पहिले विभाग सुरू केले त्यात पुणे आणि मुंबई ही दोन ठिकाणे होती, तिसरे चेन्नई. २०१६ मध्ये अॅमेझॉनचा आणि २०१७ मध्ये गुगलचा विभाग मुंबईत आला. म्हणजे ढग आपल्या राज्यावरच आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने हुकूम काढला की पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. आपले उसाचे बिल बँकेत जमा होते, दुकानात आपण मोबाईलवरून पैसे देतो, त्याची नोंद त्यामुळे देशातच राहते.

उसाचाही थेट संबंध आला आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साह्याने सुमारे १००० शेतकऱ्यांच्या उसावर २०२४ पासून प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, शेतातील हवामान यंत्र, मातीतील ओल मोजणारे यंत्र या सगळ्यांची माहिती एकत्र करून पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे याचा सल्ला मोबाईलवर दिला जातो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या शेतावरून जातात आणि त्यांची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. ही अफाट माहिती गट ऑफिसच्या संगणकात मावणारी नाही. तिला डेटा सेंटरच लागते.

तेव्हा ढग नको म्हणून चालणार नाही. पण ज्या धरणाच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे त्याच मुलखात ही शेडे उभी राहात असतील, तर ती कोठले पाणी पितात आणि कोणत्या तासाला कोणती वीज खातात, हे विचारणे आपलेच काम आहे. हंगामात आपल्यासारखे कारखाने बगॅसवर रात्रंदिवस वीज करून जाळ्यात देतात. उन्हाळ्यात बगॅस संपते, दिवसा सौर वीज असते, रात्री नसते. तासागणिक हिशेब सुरू झाला तर हंगामातील रात्रीच्या बगॅसच्या युनिटाची किंमत लोकांना कळेल. त्यात आपलेही हित आहे.

शेतकी खात्याने काय ठरवले

ऊस नोंदी क्लाऊडवर ठेवण्यासाठी ज्यांच्याकडून देकार येतील त्यांना पुढील प्रश्न लेखी विचारावेत, अशी शिफारस आम्ही संचालक मंडळाकडे करीत आहोत.

१. आमच्या नोंदी कोणत्या गावच्या डेटा सेंटरात राहणार? देशाबाहेर जाणार काय?

२. दुसरी प्रत कोठे? पहिलीपासून किती लांब? एकाच आगीत वा एकाच पुरात दोन्ही जातील असे अंतर चालणार नाही.

३. नोंद सभासदाची. सभासदाच्या संमतीवाचून ती खत, औषध वा कर्ज विकणाऱ्या कोणालाही देता येणार नाही, हे करारात राहील काय? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा देशात झाला आहे, पण कायद्याबरोबर करारही हवा.

४. करार संपला तर सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळतील?

५. तुमच्या डेटा सेंटराचा विजेचा आणि पाण्याचा हिशेब छापलेला आहे काय? वर्षाचा की तासाचा?

पाचवा प्रश्न विचारून कोणी उद्या आपली रीत बदलेल असे आम्ही समजत नाही. आपण लहान गिऱ्हाईक. पण स्वीडनमध्येही तासाचा मीटर आपोआप बसला नाही, कोणीतरी विचारले म्हणून बसला. एका कारखान्याने विचारले तर तो एक कागद होतो. सगळ्या सहकारी कारखान्यांनी विचारले तर उत्तर द्यावे लागते. सहकार म्हणजे तरी दुसरे काय!

आणि काहीही झाले तरी लागण नोंदीची कागदी पावती बंद होणार नाही. ती सभासदाच्या घरी राहील, ट्रंकेत राहील, पदरात राहील. दरवर्षी सप्टेंबरात प्रत्येक गावी चावडीवर नोंदींची यादी वाचून दाखवली जाईल. आपली तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि जात पावतीशी ताडून पाहावी. फरक दिसला तर तेथल्या तेथे सांगावे, दुरुस्ती त्याच दिवशी होईल. यंदाच्या वाचनाला गेल्या वेळेसारखे कोणी नुसते 'हजर' म्हणून उठून जाऊ नये, ही हात जोडून विनंती.

ज्या भगिनींचे नुकसान झाले त्यांना हा मजकूर छापण्याआधी आम्ही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "छापा. पन खाली हेबी लिहा, की आता मी दोन पावत्या ठेवते. एक घरात, एक माहेरी."

स्वीडनच्या तीन गावांतून आम्ही जे शिकलो ते त्यांनी कोणी न सांगता आधीच केले होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते